इटालियनमधला ‘कोंतो’: बँकेतला, जेवणाच्या टेबलावरचा आणि गप्पांमधला

मिलानला शिकायला गेलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: “बँकवाले म्हणतात कोंतो उघडा. जेवण झालं की वेटरकडे कोंतो मागायचा. खोलीच्या भाडेकरारात ‘पेर कोंतो’ असं काहीतरी लिहिलंय. आणि माझी रूममेट दर दोन वाक्यांनी ‘मी सोनो रेसा कोंतो’ म्हणते, तिथे तर पैशांचा विषयही नसतो. शब्दकोशात पानभर अर्थ आहेत. एवढे पाठ कसे करायचे?”

पाठ करू नका. पानभर दिसत असले तरी ते सगळे एकाच मुळाचे फाटे आहेत, आणि ते मूळ मराठी माणसाला इंग्रजी शिकलेल्या माणसापेक्षा लवकर सापडतं. मी इटालियन कागदपत्रांचं भाषांतर करते, जास्त करून कंपन्यांचं. पुण्याच्या आसपास इटालियन संबंध असलेले कारखाने आहेत, बारामतीला पियाज्यो आहे, रांजणगावला फियाट-टाटांचा कारखाना. त्यामुळे ताळेबंद, करार, बँकेची पत्रं यांत हा शब्द रोज भेटतो, आणि नवीन भाषांतरकार अडतात तेही नेमके इथेच.

कोंतो म्हणजे हिशेब. एवढंच डोक्यात ठेवा. बँकेतला कोंतो म्हणजे तुमच्या नावाने चालू ठेवलेला हिशेब, अर्थात खातं. हॉटेलातला कोंतो म्हणजे जेवणाचा हिशेब, अर्थात बिल. आपण नाही का म्हणत, “त्याचा हिशेब चुकता करायचाय”, “हे तू हिशेबात धरलंच नाहीस”, “कुठेतरी हिशेब जुळत नाहीये”? शेवटचं वाक्य इटालियनमध्ये ‘ई कोंती नोन तोर्नानो’, आणि ते ताळेबंदालाही लागू पडतं नि नवऱ्याच्या थापेलाही. इंग्रजीतून शिकणाऱ्याला इथे बिल, अकाउंट आणि रिअलाइज असे एकमेकांशी नातं नसलेले तीन शब्द दिसतात. आपल्याला एक पुरतो.

शब्दाचं मूळ लॅटिन ‘कोम्पुतारे’, म्हणजे मोजणं. कंप्युटर आणि इंग्रजीतले काउंट, अकाउंट, डिस्काउंट हे सगळे त्याचे दूरचे-जवळचे नातेवाईक. मध्ययुगात युरोपचा पैशाचा व्यवहार इटलीतल्या व्यापाऱ्यांच्या हातात होता, म्हणून जर्मनांनी बँकखात्याला ‘कोन्टो’ हा शब्द इटालियनमधूनच उचलला. 1494 मध्ये व्हेनिसला लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची पद्धत पहिल्यांदा सविस्तर छापून मांडली, त्या भागाच्या लॅटिन शीर्षकातही ‘कोम्पुतिस’ आहे. पद्धत त्याने शोधली नाही, व्हेनिसचे व्यापारी ती आधीपासून वापरत होते. पण शोधली असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

आता मुद्द्याचं. एखाद्या वाक्यात कोणता अर्थ आहे हे मी कसं ओळखते? ‘कोंतो’कडे बघतच नाही, त्याच्या शेजाऱ्यांकडे बघते. आधी उपपद बघायचं, म्हणजे नामाआधी येणारा इंग्रजीतल्या ‘अ’ किंवा ‘द’सारखा शब्द. ‘इल कोंतो’, ‘उन कोंतो’, ‘ई कोंती’ असं उपपद असेल तर बहुतेक वेळा ती एक वस्तू असते: बिल, खातं, जमाखर्च. उपपद नसेल, आणि ‘कोंतो’ एखाद्या क्रियापदाला किंवा ‘पेर’सारख्या शब्दयोगीला चिकटलेला असेल, तर पैशाचा संबंध सुटलेला असण्याची शक्यता फार.

एकाच क्रियापदाची जोडी घ्या. ‘तेनेरे ई कोंती’ म्हणजे हिशेब ठेवणं, दुकानाचे, सोसायटीचे. ‘तेनेरे कोंतो दी’ म्हणजे लक्षात घेणं, विचारात घेणं. मधलं एवढंसं ‘ई’ गेलं आणि वही मिटली. परीक्षेच्या नियमांत ‘सी तेर्रा कोंतो देल्ला फ्रेक्वेंत्सा’ असं दिसलं तर हजेरी विचारात घेतली जाईल एवढाच अर्थ. हजेरीचं कसलंही खातं नाही.

तुमच्या रूममेटचं वाक्यही याच घरातलं. ‘रेंदेर्सी कोंतो’ म्हणजे ध्यानात येणं, जाणीव होणं. शब्दशः स्वतःला हिशेब देणं. ती मुलगी आहे म्हणून ‘रेसा’, मुलगा असता तर ‘रेसो’ म्हणाला असता. ‘कोंतो’ मात्र हलत नाही. यातला ‘सी’ काढून टाकला की ‘रेंदेरे कोंतो’ होतं, आणि मग हिशेब स्वतःला नाही, दुसऱ्याला द्यायचा असतो: जाब देणं. ‘नोन देवो रेंदेरे कोंतो आ नेस्सूनो’, मला कुणालाही जाब द्यायचा नाही. जाब विचारणं याला ‘क्येदेरे कोंतो’. आणि संतापलेल्या आवाजात कुणी ‘मा ती रेंदी कोंतो?’ म्हणालं, तर ते “अरे, कळतंय का तुला?” या सुरातलं असतं. उत्तराची अपेक्षा नसते.

आता ‘पेर कोंतो’. याचे दोन उपयोग आहेत आणि त्यांतला फरक महागात पडू शकतो. बोलण्यात ‘वीवो पेर कोंतो मीओ’ म्हणजे मी माझी माझी राहते, स्वतंत्र. ‘स्ता पेर कोंतो सूओ’ म्हणजे तो आपला आपल्यातच असतो, फारसा मिसळत नाही. करारात मात्र ‘पेर कोंतो दी’ म्हणजे कुणाच्या तरी वतीने. तुमच्या भाडेकरारात बहुधा पूर्ण शब्दप्रयोग ‘इन नोमे ए पेर कोंतो देल प्रोप्रिएतारियो’ असा असेल: मालकाच्या नावाने आणि मालकासाठी. म्हणजे सही करणारा एजंट आहे, पण करार थेट मालकाशी होतोय. वाचताना दोन्ही तुकडे आहेत ना ते बघा. इटालियन नागरी संहितेच्या 1704 आणि 1705 या कलमांत हाच भेद केलाय. प्रतिनिधी मालकाच्या नावाने काम करत असेल तर हक्क आणि जबाबदाऱ्या मालकाच्या. तो नुसता ‘पेर कोंतो’, म्हणजे मालकासाठी पण स्वतःच्या नावाने करार करत असेल, तर तुमच्यासमोर जबाबदार तो स्वतः. अशा वेळी एजंटकडे मालकाचं अधिकारपत्र मागायला संकोच करू नका. शब्द ‘देलेगा’ किंवा ‘प्रोकूरा’, आणि विचारलं म्हणून इटलीत कुणी रागावत नाही.

कारखानदारीत हाच ‘पेर कोंतो’ आखडून ‘कोंतो तेर्त्सी’ होतो, तिसऱ्यासाठी. ‘लावोरात्सियोने कोंतो तेर्त्सी’ याचं पुस्तकी भाषांतर “त्रयस्थ पक्षाच्या खात्यावरील प्रक्रिया” असं केलेलं मी पाहिलंय. भोसरीत कुठल्याही शेडवर जाऊन विचारा, त्याला जॉबवर्क म्हणतात. माल दुसऱ्याचा, मशीन आणि मजुरी आपली. ट्रकवाल्यांतही हीच विभागणी: स्वतःचा माल वाहणारा ‘कोंतो प्रोप्रियो’, भाड्याने वाहणारा ‘कोंतो तेर्त्सी’. आणि खेड्यात कापणीची यंत्रं घेऊन इतरांची शेतं कापून देणारा तो ‘कोंतोतेर्त्सीस्ता’.

बँकेकडे वळू, कारण तिथे फसगत वेगळ्या प्रकारची आहे. शब्द ओळखीचा वाटतो आणि तोच दगा देतो. ‘कोंतो कोर्रेंते’चं शब्दशः भाषांतर करंट अकाउंट. आपल्याकडे करंट अकाउंट म्हणजे दुकानदाराचं, कंपनीचं, त्यामुळे मुलं गोंधळून बँकेत सेव्हिंग मागतात. इटलीत सर्वसामान्य माणसाचं रोजचं खातं हेच कोंतो कोर्रेंते असतं. पगार त्यात, भाडं त्यातून, कार्ड त्याला जोडलेलं. ‘कोंतो देपोझितो’ हे वेगळं. ते पैसे बाजूला ठेवून व्याज मिळवायचं खातं, त्यातून भाडं किंवा विजेचं बिल भरता येत नाही. एक गंमत म्हणजे हेच दोन शब्द पुस्तकविक्रीच्या धंद्यात आले की अर्थ होतो विकलं गेलं तर पैसे द्यायचे या बोलीवर दुकानात ठेवलेली पुस्तकं. दोन्ही ठिकाणी काहीतरी ‘ठेवलेलं’ आहे, म्हणून शब्द तोच.

नव्या माणसाला खात्यावर वर्षाला 34.20 युरो कसले कापले हे कळत नाही. ती ‘इम्पोस्ता दी बोल्लो’, सरकारी मुद्रांक कर. खात्यातली सरासरी शिल्लक 5,000 युरोंच्या वर असेल तरच व्यक्तीला लागते. ही सरासरी म्हणजे ‘जाचेंत्सा मेद्या’. हा शब्द तुम्हाला शिष्यवृत्तीच्या अर्जातही विचारला जाईल. शेवटची शिल्लक लिहून मोकळे होऊ नका.

आता खात्याचा उतारा हातात घ्या, ‘एस्त्रात्तो कोंतो’. वरच्या ओळीत दोन तारखा दिसतील: एक नोंदीची, एक ‘दाता वालूता’, म्हणजे ज्या दिवसापासून ती रक्कम व्याजासाठी धरली जाते. मग दोन रकाने: ‘दारे’ आणि ‘आवेरे’. ही दोन साधी रोजची क्रियापदं आहेत, देणं आणि असणं. इथे जवळजवळ प्रत्येक जण असं वाचतो: आवेरे, असणं, म्हणजे माझ्याकडे आहे. हे उत्तर बरोबर येतं पण कारण चुकीचं असतं. खरं कारण असं की उतारा बँकेच्या वहीतला आहे. ‘दारे’ म्हणजे समोरच्याने द्यायचंय, आपल्या जुन्या चोपडीतलं ‘नावे’. ‘आवेरे’ म्हणजे समोरच्याला मिळायचंय, आपलं ‘जमा’. तुम्ही पैसे भरले की बँक तुमची देणेकरी होते, म्हणून ती रक्कम आवेरेत. आजोबांनी पेढीवर काम केलं असेल तर त्यांना हे दोन रकाने दाखवा, इटालियनचं अक्षर न येता ते उतारा वाचून दाखवतील.

खाली दोन शिलका असतात, ‘साल्दो कोंताबिले’ आणि ‘साल्दो दिस्पोनीबिले’. पहिली वहीतली, दुसरी खरोखर काढता येण्याजोगी. एटीएमसमोर उभं राहताना दुसरी बघायची. याच ‘साल्दो’चं अनेकवचन ‘साल्दी’ दुकानाच्या काचेवर दिसलं तर ते सेल. तिथे आणखी हिशेब करायची गरज नाही.

कंपनीच्या कागदांत सर्वात जास्त घोळ घालणारा शब्द ‘कोंतो एकोनोमिको’. आर्थिक खातं नाही आणि स्वस्त खातं तर नाहीच नाही. तो नफा-तोटा पत्रक. ताळेबंद त्याच्या शेजारी ‘स्तातो पात्रिमोनियाले’ या नावाने बसलेला असतो. नागरी संहितेच्या 2424 आणि 2425 कलमांत या दोघांचा नमुना ओळीनिशी ठरवून दिलाय, त्यामुळे भाषांतरकाराला एकदा पक्के मराठी किंवा इंग्रजी शब्द बसवले की दर वर्षी तेच कामी येतात.

पैसे देण्याघेण्यातला आणखी एक भेद खोली घेणाऱ्याने जाणून ठेवावाच. ‘अक्कोंतो’ म्हणजे आगाऊ दिलेला भाग, एकूण रकमेतून वजा होणारा. ‘कापार्रा’ म्हणजे विसार. संहितेच्या 1385 व्या कलमात ‘कापार्रा कोन्फेर्मातोरिया’चा नियम आहे: देणाऱ्याने करार मोडला तर समोरचा करारातून बाहेर पडून विसार ठेवून घेऊ शकतो, घेणाऱ्याने मोडला तर त्याच्याकडून दुप्पट मागता येते. पावतीवर नुसतं ‘अक्कोंतो’ असेल तर हे संरक्षण नाही. बँकेतून पैसे पाठवताना ‘काउझाले’ नावाची जागा असते, कशासाठी पैसे ते लिहायची. तिथे काय लिहिता ते विचार करून लिहा. बोलताना लोक घराच्या अनामत रकमेलाही सरसकट कापार्रा म्हणतात, तिचं कागदावरचं नाव ‘देपोझितो काउत्सियोनाले’.

जेवणाच्या टेबलाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ‘इल कोंतो, पेर फावोरे’ एवढं पुरतं, आणि मागितल्याशिवाय वेटर ते आणत नाही. तो आळशीपणा नाही, रीत आहे. बिलावर ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक रक्कम दिसेल, ती पाव आणि टेबल मांडल्याची. टेबलावर आलेला पहिला कागद पुष्कळदा नुसता ‘प्रेकोंतो’ असतो, बिलाचा कच्चा आकडा. पैसे दिल्यावर पक्की पावती घ्यायची. मित्रमंडळींत सगळ्यांनी सारखे पैसे काढायचे असतील तर ‘फाच्च्यामो आल्ला रोमाना’.

खरी मजा बोलण्यात आहे. ‘उन कोंतो ए दीरे, उन कोंतो ए फारे’: बोलणं वेगळं, करणं वेगळं. इथे ‘उन’ हे उपपद आहे आणि तरी पैसे नाहीत, वरच्या नियमाचा हा पक्का अपवाद. ‘फारे ई कोंती’ म्हणजे हिशेब करणं, पण ‘कोन’ जोडून ‘फारे ई कोंती कोन’ झालं की एखाद्या अवघड गोष्टीला तोंड देणं, म्हातारपणाला, भूतकाळाला. ‘दी पोको कोंतो’ म्हणजे किरकोळ. ‘आ कोंती फात्ती’ म्हणजे सगळा विचार करता. ‘फाई कोंतो के’ म्हणजे “असं धर की”. ‘फारे ई कोंती इन तास्का’ म्हणजे दुसऱ्याच्या खिशात डोकावून त्याची मिळकत मोजत बसणं; हे व्यसन आपल्याकडेही आहे, तेव्हा समजवायला लागू नये. ‘फारे ई कोंती सेंत्सा लोस्ते’, खाणावळवाल्याला न विचारता स्वतःच बिल ठरवणं, म्हणजे ज्याच्या हातात गोष्ट आहे त्यालाच विसरून बेत आखणं. पुस्तकांत याला “बाजारात तुरी” जोडून देतात. मला ते पटत नाही. तिथे तुरीच अजून घरात नाहीत, इथे माणूस विसरलाय.

वर्तमानपत्रात ‘रेगोलामेंतो दी कोंती’ असा मथळा दिसला तर ती सहसा अर्थविषयक बातमी नसते. टोळ्यांनी आपसातला हिशेब चुकता केला, बहुधा गोळ्या घालून. मराठीत ‘हिशेब चुकता’ म्हटलं की तीच धार येते, म्हणून इथे शब्दशः भाषांतर बिनधास्त करावं.

एका ठिकाणी मात्र मीही थांबते आणि दोनदा वाचते: ‘सुल कोंतो दी’. याचा अर्थ ‘अमक्याच्या खात्यावर’ असाही होतो आणि ‘अमक्याविषयी’ असाही. नेमणुकीच्या एका कागदात वाक्य होतं, ‘सुल कोंतो देल कांदिदातो नोन ए एमेर्सो नूल्ला’. माझ्याकडे तपासायला आलेल्या यांत्रिक भाषांतरात होतं, “उमेदवाराच्या खात्यात काहीही आढळलं नाही.” मूळ म्हणणं होतं की उमेदवाराविषयी काही वावगं आढळलं नाही. चांगल्या चारित्र्याचा माणूस एका फटक्यात कफल्लक झाला. यात उपपदाचा नियम कामाला येत नाही, कारण ‘सुल’ म्हणजे ‘सू’ अधिक ‘इल’, तेव्हा दोन्ही अर्थांत त्याच्या पोटात उपपद आहेच. मग कागद कुणाकडून आलाय ते बघायचं. बँकेच्या पत्रात खातं, पोलिसांच्या किंवा नोकरीच्या कागदात माणूस. आणि क्रियापद: खात्यात पैसे ‘असतात’ किंवा ‘जमा होतात’, माणसाविषयी गोष्टी ‘बाहेर येतात’ किंवा ‘ऐकू येतात’.

दुसरा सापळा असा की ‘कोंतो’ कधीकधी नामच नसतो. ‘कोंतारे’ या क्रियापदाचं प्रथमपुरुषी रूपही ‘कोंतो’च. ‘कोंतो सू दी ते’, माझी भिस्त तुझ्यावर. ‘कोंतो दी पार्तीरे दोमानी’, उद्या निघायचं म्हणतेय. वाक्य ‘कोंतो’ने सुरू होत असेल आणि पुढे ‘सू’ किंवा ‘दी’ असेल तर आधी क्रियापद समजून वाचा. अनेकवचनात आणखी एक पाहुणा येतो: ‘ई कोंती’ म्हणजे हिशेब, तसेच सरदार-उमराव या अर्थाच्या ‘कोंते’चंही ते अनेकवचन. ‘ई कोंती दी सावोइया’ हे सावोइया या राजघराण्याचे जमाखर्च नव्हेत. ते घराणं 1416 मध्ये ड्यूक होईपर्यंत त्यांची पदवी ‘कोंते’ होती. भावंडंही सांभाळा: ‘रेंदिकोंतो’ आकड्यांचा अहवाल, ‘रेसोकोंतो’ घडलेल्याचा वृत्तांत, ‘राक्कोंतो’ गोष्ट. आणि 1862 पासून चालत आलेली ‘कोर्ते देई कोंती’ ही आपल्या कॅगसारखी सरकारी खर्च तपासते, शिवाय ती न्यायालयही आहे. सरकारी पैशाचं नुकसान करणाऱ्या अधिकाऱ्याकडून भरपाई वसूल करण्याचा निकाल देऊ शकते. म्हणून भाषांतरात ‘कोर्ते’चं नुसतं ‘कार्यालय’ करू नये.

शिक्षण संपवून परत येताना खातं तसंच सोडून येऊ नका, मासिक शुल्क चालू असेल तर शिल्लक संपून ते उणेत जातं. बँकेत मागायच्या अर्जाचं नाव ‘रिक्येस्ता दी एस्तिंत्सियोने देल कोंतो’. खातं बंद करण्याबद्दल बँक दंड किंवा शुल्क लावू शकत नाही, तसा कायदाच आहे. मात्र कार्डाने केलेले शेवटचे खर्च वठेपर्यंत थांबावं लागतं, तेव्हा अर्ज विमानाच्या आदल्या दिवशी नको, चार-सहा आठवडे आधी द्या, आणि उरलेली रक्कम ज्या खात्यात हवी त्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, किंवा भारतातलं खातं असेल तर खाते क्रमांक आणि बँकेचा स्विफ्ट कोड, सोबत ठेवा.